कॉपी कोणाच्या सोयीची?

परीक्षा जवळ आल्या की सेनगाव-हिंगोलीकडच्या कॉलेजच्या पोरांमध्ये एकच विचारपूस सुरू होते. तुझं सेंटर कुठलं? आणि लगेच दुसरा प्रश्न, ढिलं आहे की कडक? ढिलं म्हणजे जिथे मायक्रो झेरॉक्स चालते, भरारी पथक येण्याआधी फोन येतो आणि चिठ्ठ्या गोळा करायला वेळ मिळतो. अभ्यास किती झाला, कोण शिकवतं, वर्षभरात किती तास झाले, हे कोणी विचारत नाही. आमच्या साखऱ्यासारख्या गावात ज्या घरातून पहिल्यांदाच कोणी बी.ए., एम.ए.ला गेलंय, त्या घरातही हीच चर्चा असते. आईबाप मजुरीला जातात आणि पोरगं शिकतंय या समाधानात असतात.

या विषयावर आपल्या चळवळीत मोकळेपणानं बोललं जात नाही. त्याचं कारण समजण्यासारखं आहे. कॉपीबद्दल जे मोठ्यानं बोलतात ते बहुतेक वेळा आपल्याला बोल लावण्यासाठीच बोलतात. प्रवेश आरक्षणानं घेतला आणि पदवी कॉपीनं घेतली, असा टोमणा आपल्यातल्या प्रत्येकानं कधी ना कधी ऐकला आहे. मग आपण बचावाच्या भूमिकेत जातो आणि विषय तिथेच संपतो. शिवाय आपल्यातलाच एक युक्तिवाद आहे. त्यांनी हजारो वर्षं आपल्याला अक्षर गिरवू दिलं नाही, आता आपल्या पोरांनी चार पानं उतरवली तर बिघडलं कुठं? हा युक्तिवाद मी शिकलेल्या, चांगली भाषणं करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या तोंडून ऐकला आहे. ऐकायला तो बंडखोर वाटतो, टाळ्याही पडतात. माझं म्हणणं असं की हा युक्तिवाद प्रस्थापितांच्या सोयीचा आहे आणि आपण तो फुकटात त्यांच्यासाठी मांडतो आहोत.

कॉपीचा हिशेब नीट मांडून बघा. एखादं कॉलेज आहे. मंजूर जागा वर्षानुवर्षं रिकाम्या आहेत, तासिका तत्त्वावरचे दोन-तीन प्राध्यापक आहेत, त्यांचं मानधन महिनोनमहिने रखडलेलं आहे. ग्रंथालयाला कुलूप आहे. विद्यार्थी प्रवेश घेतात, शिष्यवृत्तीचा फॉर्म भरतात आणि थेट परीक्षेला येतात. अशा कॉलेजची परीक्षा जर खरी झाली तर काय होईल? शंभरातली सत्तर-ऐंशी पोरं नापास होतील. मग आईबाप विचारतील की तीन वर्षं आमच्या पोराला शिकवलं काय? पेपरात बातमी येईल, विद्यापीठाला विचारावं लागेल, संलग्नतेचा प्रश्न निघेल. कॉपीमुळे यातला एकही प्रश्न निघत नाही. पोरगं पास झाल्यामुळे गप्प, आईबाप खूश, संस्थाचालकाचा निकाल चांगला आणि विद्यापीठाची फाईल बंद. परीक्षेच्या हॉलमध्ये आपल्या पोराला चिठ्ठी मिळते तेव्हा कोणी त्याच्यावर उपकार करत नसतं. वर्षभर न शिकवल्याबद्दल त्यानं तक्रार करू नये, याची ती किंमत आहे, आणि फार स्वस्त किंमत आहे.

कायदा नाही असं नाही. विद्यापीठ आणि बोर्डाच्या परीक्षांतले गैरप्रकार रोखण्यासाठी महाराष्ट्रात १९८२ सालापासून स्वतंत्र कायदा आहे. आपल्या शेजारच्या नांदेडला श्रीकर परदेशी जिल्हाधिकारी असताना, २०१०च्या सुमारास, कॉपीमुक्तीची मोहीम झाली आणि तिची राज्यभर चर्चा झाली. म्हणजे प्रशासनानं मनावर घेतलं तर कॉपी थांबवता येते. पण पथक फक्त पोराचा खिसा तपासतं. वर्षभर वर्ग भरला का, हे तपासायला कोणतंही भरारी पथक येत नाही. रस्टिकेट होतो तो विद्यार्थी. संस्थेचं काही रस्टिकेट झाल्याचं तुम्ही ऐकलंय का?

आता कोणी म्हणेल, मग पोरांचा काय दोष, व्यवस्थाच तशी आहे. दोष कोणाचा हा प्रश्न बाजूला ठेवून फायद्याचा विचार करू. फसवणुकीचा बाजार एकदा उघडला की त्यात गरीब कधीच जिंकत नाही. २०१९-२०ची शिक्षक पात्रता परीक्षा आठवा. पैसे घेऊन अपात्र उमेदवारांना पात्र ठरवल्याचं उघड झालं, राज्य परीक्षा परिषदेच्या तत्कालीन आयुक्तांनाच डिसेंबर २०२१ मध्ये अटक झाली आणि पुढच्या तपासात साडेसात हजारांहून अधिक उमेदवार गैरप्रकारात सापडले. त्यासाठी जी रक्कम मोजली गेली ती ऊसतोडीच्या उचलीवर जगणाऱ्या घरात कुठून येणार? चिठ्ठी सगळ्यांना मिळते म्हणून कॉपीत समानता आहे असं वाटतं. पण चिठ्ठीच्या वर डमी आहे, डमीच्या वर पेपरफुटी आहे, त्याच्या वर थेट गुणवाढ आहे, आणि प्रत्येक पायरीचा दर वेगळा आहे. आपली पोरं पहिल्या पायरीवरच राहतात. मजुराची पोरगी आणि बंगल्यातला पोरगा बरोबरीत येतील अशी जागा या समाजात मुळात कमी. प्रामाणिकपणे घेतलेली परीक्षा ही त्यातली एक आहे. ती जागा मोडायला आपणच हातभार लावायचा?

संस्था स्वतः किती प्रामाणिक आहेत याचा नमुना आपल्या संशोधक विद्यार्थ्यांनी डिसेंबर २०२३ मध्ये पाहिला. बार्टी, सारथी आणि महाज्योतीच्या पीएच.डी. फेलोशिपसाठी २४ डिसेंबरला पात्रता परीक्षा झाली. पेपर हातात पडला तेव्हा विद्यार्थ्यांच्या लक्षात आलं की ही २०१९च्या सेट परीक्षेची प्रश्नपत्रिका आहे, जशीच्या तशी. ज्यांच्याकडून नवं, स्वतःचं संशोधन अपेक्षित होतं त्यांची परीक्षा घेणाऱ्यांनीच जुना पेपर उतरवून काढला होता. परीक्षा रद्द झाली. १० जानेवारी २०२४ ला पुन्हा घेतली तेव्हा काही संचांच्या प्रश्नपत्रिका सीलबंद नसल्याचं दिसलं आणि अनेक केंद्रांवर विद्यार्थ्यांनी बहिष्कार टाकला. त्याच्या आधी बार्टीच्या फेलोशिपसाठी आपल्या संशोधकांना मुंबईत आझाद मैदानावर बसावं लागलंच होतं. मला या प्रकरणातली एक गोष्ट महत्त्वाची वाटते. तो पेपर जुना आहे हे ओळखलं कोणी? ज्यांनी जुने पेपर खरोखर सोडवले होते त्यांनी. गाईडवर आणि चिठ्ठीवर आलेला विद्यार्थी ती चोरी ओळखूच शकला नसता. अभ्यास केलेल्या पोरांमुळेच संस्थेला जाब विचारता आला.

पण परीक्षेतली कॉपी हा प्रश्नाचा निम्माच भाग आहे, आणि माझ्या मते कमी गंभीर भाग आहे. खरं नुकसान एम.ए.च्या लघुशोधप्रबंधात आणि पीएच.डी.त होतं. मी समाजशास्त्राचा विद्यार्थी, म्हणून त्याच विषयाबद्दल बोलतो.

आपल्या विषयात सर्वेक्षण असतं. शंभर कुटुंबांची निवड करायची, प्रश्नावली किंवा मुलाखत अनुसूची घेऊन घरोघर जायचं, उत्तरं लिहून घ्यायची, तक्ते करायचे. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी काय होतं हे या क्षेत्रातल्या सगळ्यांना माहीत आहे. शंभर प्रश्नावल्यांची झेरॉक्स काढायची, तीन-चार मित्र बसवायचे, वेगवेगळ्या रंगांचे पेन घ्यायचे आणि एका रात्रीत सगळ्या भरून टाकायच्या. असं काम ओळखू येतं. त्यातल्या टक्केवाऱ्या फार गोल असतात. कोणीच उत्तर द्यायला नकार देत नाही, कोणालाच 'सांगता येत नाही' असं वाटत नाही. आणि आपल्या भागातली सगळ्यात मोठी खूण म्हणजे तारीख. दिवाळी झाली की ऊसतोडीची कुटुंबं निघतात ती मार्च-एप्रिलपर्यंत परत येत नाहीत. घराला कुलूप, नाहीतर म्हातारी माणसं आणि एखादं लेकरू मागं. अशा वस्तीतल्या ऊसतोड कामगार महिलांच्या मुलाखती एखाद्या प्रबंधात ऐन जानेवारीत, त्यांच्या राहत्या घरी झालेल्या असतील, तर त्या बायका त्या वेळी कुठे होत्या हे त्या संशोधकाला विचारायला हवं.

यात काय बिघडतं? पुस्तक चोरलं तर लेखकाचं नुकसान होतं. खोटी प्रश्नावली भरली तर ज्या बाईचं म्हणणं कोणीच कधी विचारलं नाही तिच्या नावावर आपण आपल्या मनातलं उत्तर लिहितो. तिला विचारायला संशोधक आला, असं कागदावर नोंदलं जातं, आणि तो तर आलेलाच नसतो. पुढे तो तक्ता कोणीतरी संदर्भ म्हणून घेतो, तिथून तिसऱ्या प्रबंधात जातो. उद्या एखाद्या योजनेसाठी कोणी माहिती शोधली तर हेच आकडे सापडणार. आमच्या सामाजिक कामात आम्हाला याचा फटका रोज बसतो. गावात शाळाबाह्य मुलं किती, परित्यक्ता महिला किती, सर्वेक्षण कोणी केलं विचारलं तर 'झालंय' म्हणतात. कागद आहे, माणसं त्यात नाहीत.

आकड्यांची चोरी आपल्याला नवी नाही. १९३२च्या लोथियन समितीच्या वेळी वाद नेमका यावरच झाला होता, की अस्पृश्यांची संख्या किती? संयुक्त प्रांत, बंगाल यांसारख्या प्रांतांत ती अगदी थोडी आहे असं दाखवण्याचा प्रयत्न झाला, कारण संख्या कमी झाली की प्रतिनिधित्व कमी होणार होतं. बाबासाहेब त्या समितीचे सदस्य होते. त्यांनी हा डाव ओळखला आणि आपली स्वतंत्र टिपणी जोडली. त्याआधी साउथबरो समितीपुढे १९१९ मध्ये, सायमन कमिशनपुढे १९२८ मध्ये त्यांनी साक्षी दिल्या त्या आकडे आणि पुरावे घेऊन. समोरचा माणूस आपल्याला माणूसच मानत नसताना त्याला निरुत्तर करायला दुसरं साधन नव्हतं. ज्या समाजाचा सगळा हक्काचा लढा पुराव्यावर उभा राहिला त्या समाजातल्या पोरानं वस्तीत न जाता वस्तीचे आकडे बनवावेत, हे मला परीक्षेतल्या चिठ्ठीपेक्षा कितीतरी जड वाटतं.

बाबासाहेब वाचन किती करायचे, अठरा तास अभ्यास कसा करायचे, हे आपण जयंतीला सांगतो. ते दुसऱ्याचं लिहिलेलं कसं वापरायचे हे मात्र सांगत नाही. ९ मे १९१६ ला कोलंबिया विद्यापीठात डॉ. गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात त्यांनी भारतातील जातींवरचा निबंध वाचला. वय पंचवीस. त्या निबंधात ते आधी सेनार, नेसफील्ड, रिस्ले आणि केतकर या चौघांच्या जातीच्या व्याख्या त्यांच्या त्यांच्या नावानं देतात. मग एकेकाची तपासणी करतात. केतकरांनी जातीची दोन लक्षणं सांगितली होती. बाबासाहेब त्यांचं महत्त्व मान्य करतात आणि मग दाखवतात की ही दोन लक्षणं वेगळी नाहीतच, एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत. स्वतःचा सिद्धांत त्यानंतर येतो. आणि शेवटी हेही म्हणतात की माझं चूक ठरलं तर मी ते सोडून द्यायला तयार आहे. संदर्भ देणं म्हणजे काय हे या एका निबंधातून शिकता येतं. दुसऱ्याचं नाव घेतल्यानं आपण लहान होत नाही. उलट त्याचं म्हणणं संपतं कुठे आणि आपलं सुरू होतं कुठे, हे वाचणाऱ्याला दिसतं. सगळंच नाव न घेता उतरवलं तर आपलं असं काही दाखवायला जागाच उरत नाही.

दुसरं उदाहरण लंडनचं. रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा प्रबंध परीक्षकांनी फेरफार करायला परत पाठवला, तो दुरुस्त करून त्यांनी पुन्हा दिला आणि १९२३ मध्ये तो पुस्तकरूपानं आला. प्रस्तावना त्यांचे शिक्षक एडविन कॅनन यांची. त्या प्रस्तावनेत कॅनन स्पष्ट सांगतात की लेखकाची बरीच मतं मला पटत नाहीत, तरी मांडणीत ताजेपणा आहे. आपल्याकडचा गाईड आणि विद्यार्थी डोळ्यांपुढे आणा. गाईडच्या मताविरुद्ध एक परिच्छेद लिहायची सोय आहे का? गाईडचं जुनं पुस्तक उतरवलं तर प्रकरण लगेच मंजूर, स्वतःचं लिहिलं तर सहा महिने सही नाही. विद्यार्थ्याला चोर बनवण्यात अशा गाईडांचा वाटा मोठा आहे. आणि १९३६ मध्ये लाहोरच्या जात-पात तोडक मंडळानं भाषणातला मजकूर बदलायला सांगितला तेव्हा बाबासाहेबांनी स्वल्पविरामही बदलायला नकार दिला, व्यासपीठ सोडलं आणि ते भाषण स्वतःच्या खर्चानं छापलं. स्वतः विचार करून लिहिलेल्या मजकुराबद्दलच माणूस इतका ठाम राहू शकतो.

आता नियमांकडे थोडं बघू, कारण पोरांमध्ये याबद्दल गैरसमज फार आहेत. यूजीसीनं २०१८ मध्ये वाङ्मयचौर्याविरुद्ध नियम आणले. साम्य दहा टक्क्यांपर्यंत असेल तर शिक्षा नाही. दहा ते चाळीस टक्के असेल तर सहा महिन्यांच्या आत दुरुस्त करून द्यायचं, चाळीस ते साठ असेल तर एक वर्ष सादरच करता येत नाही, आणि साठच्या वर गेलं तर नोंदणी रद्द. यावरून आपल्या पोरांनी अर्थ काढला की दहा टक्के चोरी माफ आहे. तसं नाही. योग्य संदर्भ देऊन घेतलेली अवतरणं, संदर्भसूची, कायद्याची कलमं, रूढ संज्ञा हे सगळं या मोजणीतून वगळलेलं आहे. म्हणजे नाव घेऊन, अवतरणचिन्हात दिलेलं वाक्य तुमच्या विरोधात जातच नाही. ज्याला संदर्भ द्यायचा कसा हे शिकवलं गेलं त्याला सॉफ्टवेअरची भीती नाही. पण किती कॉलेजांत हे शिकवतात? संशोधन पद्धतीच्या पेपरात व्याख्या पाठ करून घेतात आणि तळटीप कशी लिहायची हे फळ्यावर एकदाही दाखवत नाहीत.

मराठीत लिहिणाऱ्यांची एक वेगळी पळवाट आहे. इंग्रजी पुस्तकातलं प्रकरण घ्यायचं, मराठीत भाषांतर करायचं, साम्य शून्य टक्के. सॉफ्टवेअर ते सहज पकडत नाही. भाषांतर करायला मेहनत लागते, म्हणून ते आपलंच काम आहे असं अनेकांना मनापासून वाटतं. मेहनत तुमची, विचार दुसऱ्याचा, तर नावही दुसऱ्याचं यायला हवं. 'यावर आधारित' एवढे दोन शब्द लिहिले तरी पुरे होतं. आता तर मोबाईलवर चॅटजीपीटीला विषय सांगितला की पानंच्या पानं मिळतात. त्यात कधीकधी नसलेली पुस्तकं आणि नसलेले लेखक संदर्भ म्हणून येतात, आणि पोरं तेही तसंच सादर करतात. व्हायवाला बाहेरच्या परीक्षकानं त्यातलं एक पुस्तक दाखवायला सांगितलं तर काय करणार? शुद्धलेखन तपासायला, अवघड इंग्रजी उतारा समजून घ्यायला हे साधन वापरायला माझी हरकत नाही. ज्याच्या घरात इंग्रजी समजावून सांगणारं कोणी नाही त्याला त्याचा उपयोगच आहे. पण वस्तीतल्या माणसानं काय सांगितलं हे त्या यंत्राला माहीत असण्याचा प्रश्नच येत नाही.

वरच्या थरातली घाण लपवायचं मला कारण नाही. प्राध्यापकांच्या बढतीसाठी लेखांचे गुण सुरू झाले तेव्हा पैसे घेऊन वाटेल ते छापणारी नियतकालिकं गावोगाव निघाली. पुणे विद्यापीठातल्या भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यूजीसीच्या यादीतल्या, विद्यापीठांनी सुचवलेल्या १,००९ नियतकालिकांची तपासणी २०१८ मध्ये प्रसिद्ध केली. त्यातली ८८ टक्क्यांच्या वर निकषांत बसली नाहीत. म्हणजे उद्या जो गाईड तुम्हाला प्रामाणिकपणावर व्याख्यान देईल त्याचे स्वतःचे लेख कुठे छापलेत हे विचारायला हरकत नाही. जर्मनीत २०११ मध्ये संरक्षणमंत्री गुटेनबर्ग यांची डॉक्टरेट चोरीच्या मजकुरामुळे गेली आणि मंत्रिपदही गेलं. आपल्याकडे प्रबंधाच्या चोरीवरून मंत्री घरी गेल्याचं मला तरी आठवत नाही.

'आपल्या पोरांनी प्रामाणिक राहावं, नाहीतर लोक आरक्षणाला नावं ठेवतील' हे कारण मला मान्य नाही. ते नावं ठेवणारच आहेत. आपल्या पोरीनं चांगला प्रबंध लिहिला तर 'कोणी लिहून दिला?' असं विचारणारे असतातच. त्यांच्यासाठी आपण प्रामाणिक राहायचं नाही. पंचशीलातलं दुसरं शील आपण दर वंदनेला म्हणतो, न दिलेलं घेणार नाही म्हणून. ते शेजाऱ्याच्या शेळीपुरतं आहे का? शेळी नेली तर गावात पंचायत बसते, दुसऱ्याचं प्रकरण नेलं तर पदवी मिळते.

मागण्या आपल्याच बाजूनं व्हायला हव्यात. स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठाच्या अखत्यारीत हिंगोली, परभणी, नांदेड, लातूर हे चार जिल्हे येतात. विद्यापीठानं लघुशोधप्रबंधासोबत भरलेल्या मूळ प्रश्नावल्या जमा करून घ्याव्यात आणि त्यातल्या पाच-दहा घरी कोणीतरी खरोखर जाऊन यावं. व्हायवा मराठीतून आणि कसून घ्यावी. कोणत्या कॉलेजात वर्षभरात किती तास झाले याची यादी निकालासोबत लावावी. कॉपी पकडली तर त्या विषयाला शिक्षक होता का, हे त्याच अहवालात लिहावं. विद्यार्थी संघटनांनी कॉपीमुक्तीच्या विरोधात नव्हे तर या मागण्यांसाठी निवेदनं द्यावीत. भरारी पथक आमचा खिसा तपासणार असेल तर आधी कॉलेजचं हजेरीबुक तपासू द्या.

तोवर जे हातात आहे ते आम्ही करतो. गावातल्या विहारात रविवारी एम.ए. करणारी तीन-चार मुलंमुली बसतात. प्रत्येकानं भरलेल्या कच्च्या प्रश्नावल्या घेऊन यायचं, एकमेकांचं प्रकरण वाचायचं, आणि 'हे वाक्य कोणाचं?' असं विचारायचं, एवढाच नियम आहे. त्यातल्या एकीचा विषय ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतल्या मुलींच्या शाळेचा आहे. तिच्या यादीतली बरीचशी घरं सध्या कुलूपबंद आहेत. ती कुटुंबं परत येईपर्यंत प्रबंध सादर करायची मुदत वाढवून मिळावी, असा अर्ज तिनं विभागप्रमुखांकडे दिला आहे. अजून उत्तर आलेलं नाही.